इलेक्ट्रिशियन बोलावण्याआधी, आणि बोलावल्यावर

गीझर चालू असताना नळाला हात लावला की झिणझिण्या येतात, असं सासूबाई दोन महिने सांगत होत्या. आम्ही आधी त्यांच्या वयाला दोष दिला, मग गीझरला. पहिला इलेक्ट्रिशियन आला, प्लग बदलून गेला. दुसरा म्हणाला, गीझर आतून गेलाय, नवा घ्या. घेतला. नव्या गीझरलाही त्याच झिणझिण्या!

तिसरे आले ते साठीचे एक काका. बाथरूमबाहेरच्या बोर्डावर गीझरच्या शेजारी वॉशिंग मशीनचं सॉकेट आहे. गीझर चालू ठेवून त्यांनी मल्टीमीटरची एक पिन त्या सॉकेटच्या न्यूट्रलमध्ये (करंट जिथून परत जातो ती वायर) घातली, दुसरी अर्थिंगमध्ये. आकडा आला शून्य.

"शून्य म्हणजे बरं ना?" मी विचारलं.

"इतकं शून्य बरं नसतं, वहिनी."

मेन बंद करून बोर्ड खोलला, तर आत बोटभर लांबीचा काळा वायरीचा तुकडा. न्यूट्रलच्या स्क्रूवरून थेट अर्थिंगच्या स्क्रूवर. अर्थिंगची वायर कधीतरी तुटली असणार आणि कुणीतरी न्यूट्रललाच अर्थिंग करून टाकलं होतं. त्यात तो न्यूट्रल डीबीत, म्हणजे घरभर लाइन वाटणाऱ्या मुख्य बोर्डात, ढिला. गीझर चालू झाला की करंट परत जाताना तिथे अडायचा आणि गीझरच्या अंगावर, तिथून पाइपाने नळावर यायचा. न्यूट्रल पुरता सुटला असता तर झिणझिण्यांवर भागलं नसतं.

आमची बिल्डिंग डोंबिवलीतली, ८७ सालची. त्या प्रकरणानंतर आम्ही सगळं घरच नव्याने वायरिंग करून घेतलं. तेव्हा जे कळलं ते पहिल्यांदा असं काम काढणाऱ्यांसाठी लिहिते आहे. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते: जो मापून दाखवतो त्याला काम द्या. जो नुसता बघून सांगतो त्याला चहा द्या.

१. बिघाड तुमचा की वीज कंपनीचा?

लाइट गेली की आधी जिन्यात डोकवा. जिन्यातला दिवा आणि शेजाऱ्यांचा पंखा चालू असेल तर भानगड तुमच्याकडे आहे. सगळीकडेच अंधार असेल तर इलेक्ट्रिशियनला फोन करून उपयोग नाही. महावितरणचा १९१२ लावा आणि बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक हाताशी ठेवा. मुंबईत तुमच्याकडे बेस्ट, टाटा की अदानी ते बिलावर बघा, त्यांचे नंबर वेगळे.

फक्त तुमचंच घर बंद असेल तर डीबीतला मेन पडलाय का बघा. पडला नसेल, तर मीटरचा डिस्प्ले चालू आहे का ते बघा. मीटरच बंद असेल तर पुन्हा १९१२.

ढोबळ हिशेब असा: मीटरपर्यंतची जबाबदारी कंपनीची, मीटरच्या पुढची वायर आपली. मीटरला सील असतं. "सील जरा ढिलं करून बघतो" म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा. मीटरशी छेडछाड हा वीज कायदा २००३ खाली गुन्हा आहे आणि निस्तरावं ग्राहकाला लागतं, इलेक्ट्रिशियन तोवर पुढच्या बिल्डिंगमध्ये गेलेला असतो.

एक लक्षण मात्र पाठ करून ठेवा. घरातले दिवे अचानक भगभगीत झाले, पंखा न वाढवता सुसाट सुटला, की विचार न करता मेन बंद. बाहेरचा न्यूट्रल तुटल्याची ती खूण असते. अशा वेळी २३० च्या जागी ४०० व्होल्टच्या जवळपास दाब घरात येऊ शकतो, आणि टीव्ही-फ्रिज मिनिटाभरात जातात. मेन बंद केल्यावर १९१२ ला फोन करा आणि शेजाऱ्यांनाही ओरडून सांगा.

२. काम किरकोळ की मोठं, ते ठरवा

बटन खराब, होल्डर सैल, पंखा हळू. यासाठी कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातला माणूस पुरतो. पंखा हळू झाला असेल तर "वाइंडिंग गेलं" यावर लगेच विश्वास ठेवू नका. दहापैकी आठ वेळा कंडेन्सर गेलेला असतो. छताच्या बऱ्याच पंख्यांना अडीच एमएफडीचा लागतो, येतो शंभराच्या आत.

पण खालचं काही असेल तर परवानाधारक माणूसच बघा:

- नवीन डीबी, किंवा जुना किटकॅट फ्यूजचा बोर्ड काढून एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारं बटन) बसवणं
- पूर्ण घराची किंवा एका खोलीची वायरिंग
- अर्थिंग
- एसी किंवा गीझरसाठी नवी लाइन
- मंजूर भार (कंपनीने घराला ठरवून दिलेली विजेची मर्यादा) वाढवणं

परवाना म्हणजे काय? आयटीआयमधून वीजतंत्री किंवा तारतंत्रीचा कोर्स केला की प्रमाणपत्र मिळतं. त्यापुढे वायरमनचा परवाना आणि कंत्राटदाराचा परवाना राज्य शासन देतं. मंजूर भार वाढवायला कंपनीकडे अर्ज करताना अधिकृत कंत्राटदाराचा चाचणी अहवाल लागतो. म्हणून मोठं काम काढताना पहिल्याच फोनवर विचारा, "टेस्ट रिपोर्ट तुमच्या सहीचा मिळेल ना?" उत्तर जर "तो आपण करून घेऊ कुठून तरी" असं आलं, तर पुढचा नंबर फिरवा.

आयटीआय न केलेली, बापाबरोबर वायर ओढत शिकलेली उत्तम माणसंही असतात, हे मान्य. आमचे काका त्यातलेच. पण त्यांनी स्वतःच सांगितलं, वायरिंग मी करतो, सहीसाठी माझा कंत्राटदार येऊन तपासेल. आणि तो खरोखर आला.

३. माणूस कुठे शोधायचा

मीटर बॉक्सवर चिकटवलेले स्टिकर सोडून द्या. जवळच्या ज्या दुकानात बिल्डर आणि सोसायट्या माल घेतात तिथे जा आणि मालकाला विचारा, "तुमच्याकडून वायर घेऊन जाणाऱ्यांत शांतपणे काम करणारा कोण?" शांतपणे हा शब्द वापराच. दुकानदाराला बरोबर कळतं.

ज्यांच्या घरी वर्षभरापूर्वी काम झालंय त्यांना भेटा. काल झालेलं काम सगळ्यांचंच छान दिसतं. ॲपवरून येणारी मुलं किरकोळ कामाला वाईट नाहीत, दर ठरलेला असतो. पण दर वेळी नवा मुलगा येतो आणि मागच्याने काय केलं ते त्याला ठाऊक नसतं. वायरिंगच्या कामाला घर ओळखणारा माणूस लागतो.

४. तो येण्याआधी काय तयार ठेवायचं

कागद: ताजं वीजबिल (त्यावर मंजूर भार किलोवॅटमध्ये असतो), सोसायटीत असाल तर भिंती फोडायची आणि मीटर रूम उघडायची परवानगी, जुन्या कामाचं बिल असेल तर ते.

वस्तू: टॉर्च, घरातला घोडा किंवा भक्कम स्टूल, जुन्या चादरी, कागदी टेप आणि मार्कर.

आणि दोन याद्या, ज्या बहुतेक लोक करत नाहीत. पहिली घरातल्या जड उपकरणांची. प्रत्येकाच्या मागच्या पट्टीवर वॅट लिहिलेले असतात. आमची अशी झाली: गीझर २०००, इंडक्शन २०००, इस्त्री १०००, दीड टनी एसी साधारण १६००. वॅटला २३० ने भागलं की अँपिअर येतात; म्हणजे गीझर एकटाच पावणेनऊ अँपिअर खातो. या यादीमुळे "सगळं एका लाइनवर चालेल हो" असं तुम्हाला कुणी गुंडाळू शकत नाही.

दुसरी यादी तक्रारींची, पण वेळेसकट. "किचनचा एमसीबी पडतो" यापेक्षा "सकाळी इंडक्शन आणि मिक्सर एकदम लावला की पडतो" यात अर्धं निदान झालेलं असतं. आमच्या गॅलरीतला दिवा फक्त पावसाळ्यात लाइन पाडायचा. हे सांगितल्याबरोबर काकांनी थेट बाहेरची भिंत गाठली, खोलीभर शोधत बसले नाहीत.

५. पहिली भेट: त्याचे हात बघा

खरी पारख इथेच होते. चांगला माणूस आधी प्रश्न विचारतो, मग डीबी उघडतो, मग मल्टीमीटर काढतो, आणि स्क्रू ड्रायव्हर सगळ्यात शेवटी. कच्चा माणूस टेस्टर सॉकेटमध्ये घालतो, दिवा लागला की "सप्लाय आहे" म्हणतो. टेस्टर फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, आहे एवढंच सांगतो. न्यूट्रल धड आहे का, अर्थिंग आहे का, यातलं त्याला काही कळत नाही.

तुमच्यासमोर तीन मापं घ्यायला सांगा. फेज-न्यूट्रल: २३० च्या आसपास. फेज-अर्थिंग: जवळजवळ तेवढंच. न्यूट्रल-अर्थिंग: लोड चालू असताना एक-दोन व्होल्ट. जास्त आलं तर न्यूट्रल कुठेतरी ढिला किंवा अर्थिंग नावापुरतं. आणि लोड चालू असूनही अगदी ०.० आलं तर बोर्ड खोलून बघायला लावा. तो काळा तुकडा फक्त आमच्याच घरात होता असं समजू नका.

मग विचारा:

"एमसीबी सारखा पडतोय, काय करायचं?" उत्तर "मोठा टाकू" असेल तर त्याला नमस्कार करा. एमसीबी वायरीला वाचवायला असतो. सोळाचा पडतो म्हणून बत्तीसचा टाकला, तर आता एमसीबीच्या आधी वायर जळेल.

"शॉक लागू नये म्हणून काय लावाल?" उत्तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट भलतीकडे गळला की लाइन पाडणारं बटन) असं यायला हवं. शॉक लागला तर एमसीबी पडत नाही, त्याला वाटतं एक छोटा बल्ब लागलाय. दुकानात १०० आणि ३०० मिलिअँपिअरचेही मिळतात, दिसायला सारखेच. माणसाच्या जिवासाठी तीसचाच. आणि आरसीसीबी ओव्हरलोड थांबवत नाही, म्हणून एमसीबी काढून तो, असं चालत नाही. दोन्ही लागतात.

एक सांगायचं राहिलं. घरात बाई एकटी असेल तर काहीजण "मिस्टर कधी असतात?" असं विचारतात. मी एकाला म्हटलं, वायरी मिस्टरांच्या अंगातून जात नाहीत, मला सांगा. पुढे त्याने नीट सांगितलं.

६. भाव कसा ठरवायचा

वायरिंग बहुधा पॉइंटच्या भावाने होते. भांडणं "पॉइंट म्हणजे काय" इथेच सुरू होतात. एक दिवा आणि त्याचं बटन मिळून एक पॉइंट. जिन्यासारखी दोन ठिकाणांहून चालू-बंद करायची सोय हा वेगळा पॉइंट. सोळा अँपिअरचा पॉवर पॉइंट आणि एसीची लाइन यांचा भाव निराळा. डीबी बसवायचे वेगळे पैसे. एका कागदावर खोलीवार लिहून घ्या आणि दोघांच्या सह्या करा, घरचंच काम असलं तरी.

त्याच कागदावर हेही उतरवा: माल कोण आणणार, भिंतीला खाचा मारल्यावर बुजवणार कोण (बुजवायला बहुतेक गवंडी लागतो आणि त्याची मजुरी कोटेशनमध्ये नसते), डेब्रिज कोण उचलणार, जुनी वायर कोणाची. हसू नका, जुन्या तांब्याला भंगारात चांगला भाव येतो.

ॲडव्हान्स मालापुरता द्या. आम्ही पैसे तीन हप्त्यांत दिले: पाइप-वायर ओढून झाल्यावर, बोर्ड लागल्यावर, आणि शेवटचा तपासणीनंतर. शेवटचा हप्ता जड ठेवा.

माल स्वतः जाऊन, जीएसटी बिल घेऊन आणलेला बरा. वायरच्या कॉइलवर आयएसआय खूण आणि आयएस ६९४ असं छापलेलं असतं. नामांकित वायर निम्म्या भावात मिळतेय असं कुणी म्हणालं तर ती बनावट आहे असंच धरा. एक कॉइल साधारण ९० मीटरची असते. आमच्या घरी हे वापरलं:

- दिवे-पंखे: दीडची वायर, ६ किंवा १० अँपिअरचा एमसीबी
- सोळा अँपिअरची सॉकेट: अडीचची, १६ चा एमसीबी
- गीझर आणि एसी: प्रत्येकाला वेगळी चारची लाइन, २० चा एमसीबी
- मीटरपासून डीबीपर्यंत: दहाची

हे आकडे चौरस मिलिमीटरचे, दुकानात नुसतं "अडीचची द्या" म्हटलं की कळतं. तुमचा लोड वेगळा असेल तर हिशेब बदलेल. एवढं बघा, की एमसीबी त्या वायरीला झेपेल त्याहून मोठा नको.

७. कामाच्या दिवशी

काम चालू असताना मेन बंद आणि डीबीवर टेपने कागद: "काम चालू आहे, लावू नये". आमच्याकडे तरीही चिरंजीव मोबाइल चार्ज करायला मेन लावायला निघाले होते, म्हणून मग डीबीजवळ सासूबाईंना खुर्ची टाकून बसवलं. त्यांच्यापुढे कुणाची हिंमत झाली नाही.

रंगांवर अडून बसा. फेज लाल, पिवळा किंवा निळा, न्यूट्रल काळा, अर्थिंग हिरवा. "हिरवी संपली, लालच टाकतो, मला माहितीये ना" हे ऐकू नका. पाच वर्षांनी बोर्ड उघडणारा तो नसेल.

आमच्यासारख्या जुन्या बिल्डिंगमध्ये कधी कधी ॲल्युमिनियमची वायर निघते. तिला नवी तांब्याची वायर पिळून वर टेप गुंडाळणं म्हणजे काही वर्षांनी तिथे जळका वास येणार हे ठरलेलं. ती लाइन पुरती बदलून घ्या. तशीही पाइपात जोड नसावेत. जोड द्यायचाच तर जंक्शन बॉक्समध्ये, जिथे हात पोचतो.

आमच्या घरातला एलईडी दिवा बटन बंद करूनही मिणमिणत राहायचा. काका म्हणाले, बटन न्यूट्रलवर आहे. म्हणजे दिवा बंद दिसतो, पण होल्डरमध्ये फेज उभा. बल्ब बदलताना तिथे हात गेला तर शॉक. बटन नेहमी फेजवर. घरात असा मिणमिणता दिवा असेल तर त्याला यादीत टाका.

इन्व्हर्टर असेल तर तेही आधीच सांगा. इन्व्हर्टरच्या आणि बाकीच्या लाइनचे न्यूट्रल एकत्र केले की आरसीसीबी विनाकारण पडतो. मग लोक काय करतात? आरसीसीबीच काढून ठेवतात. आमच्या ओळखीत एकाकडे तो डीबीत नुसता बसवलेला आहे, वायर बाहेरून फिरवून. दिसायला सगळं आहे. पडायला लागला तर कारण शोधायला लावा, बायपास करू देऊ नका.

आणि खाचा बुजवायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. पुढे कधी खिळा ठोकायचा झाला तर हेच फोटो उघडावे लागतात.

८. तपासणी, मग पैसे

शेवटचा हप्ता देण्याआधी:

आरसीसीबीवर टी लिहिलेलं बटन असतं, ते दाबा. खटकन पडला पाहिजे. पुढेही महिन्यातून एकदा दाबत जा.

मेगर नावाच्या यंत्राने वायरीचं इन्सुलेशन, म्हणजे वरचं आवरण धड आहे का, ते तपासून दाखवायला सांगा. ५०० व्होल्टवर किमान एक मेगाओहम यावा. नव्या वायरीला तो कितीतरी जास्त येतो. हे माप घेताना उपकरणं, एलईडी, सगळं काढून ठेवावं लागतं. ज्याच्याकडे मेगर नाही त्याने वायरिंगचं काम घेऊच नये असं माझं मत आहे, बाकीच्यांचं वेगळं असेल.

पाचव्या पायरीतली तीन मापं प्रत्येक सॉकेटला पुन्हा घ्या. मग गीझर अर्धा तास चालवा आणि बंद करून लगेच प्लगच्या कडेला हात लावून बघा. किंचित कोमट चालेल, चटका नको. चटका बसला तर स्क्रू ढिला आहे.

एकेक एमसीबी पाडून काय काय बंद होतं ते बघा आणि नाव लिहा. हे काम माझ्या मुलाने मार्करने केलं, म्हणून आमच्या डीबीत एका एमसीबीवर अजून "आजीची खोली + वायफाय (पाडू नका)" असं आहे. दाराच्या आतल्या बाजूला काकांचा नंबर, कामाची तारीख आणि १९१२. मंजूर भार वाढवायचा असेल तर चाचणी अहवाल घेऊन कंपनीकडे अर्ज आताच करून टाका, उन्हाळा आणि एसी यायच्या आत.

तो काळा तुकडा मी टाकला नाही. डीबीच्या दारावर चिकटपट्टीने लावून ठेवलाय. नवा कुणी कामाला आला की आधी त्याला तो दाखवते आणि विचारते, हा कशाचा असेल?